बंड्यासाठी छोटं झाड सुचवा (पुणे, सोसायटीची पट्टी किंवा कुंडी)

गच्चीवरची | १२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बागकामाच्या धाग्यांवर मी गेली कित्येक वर्षं नुसती वाचक, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय. आमचा कुत्रा बंड्या एप्रिलच्या शेवटी गेला. गावठी, साडेतेरा वर्षांचा. किडन्या गेल्या होत्या, शेवटचे दोन महिने एक दिवसाआड सलाईन चालू होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. दहन वेगळं करून घेतलं होतं म्हणून अस्थी मिळाल्या, एका स्टीलच्या डब्यात, वर लाल फडकं बांधून. तो डबा पंधरा दिवस आमच्या फ्रीजवर आहे. सासूबाई रोज विचारतात नदीत कधी सोडायचं आणि सासरे रोज म्हणतात राहू दे गं, काय घाई आहे.

तर मला त्याच्या नावाने एक छोटं झाड लावायचंय. सिंहगड रोडला तिसरा मजला, बाल्कनी पूर्वेला, ऊन साधारण अकरापर्यंत. दुसरा पर्याय म्हणजे खाली पार्किंगच्या भिंतीलगत चार फूट रुंदीची मातीची पट्टी आहे, सेक्रेटरी म्हणाले लावा पण मोठं नको, खालून ड्रेनेजची लाईन गेलीय. माझ्या डोक्यात पारिजातक किंवा अनंत आहे. लेकीला जॅकरांडा हवाय कारण तिने इन्स्टावर बघितला. काहीतरी खास हवंय एवढं मात्र नक्की, उगाच आपलं कुठलंही झुडूप नको. अस्थी मातीत मिसळल्या तर चालतात का तेही सांगा.

टेकडी_भटक्या | १२ मे, रात्री ११:५८

वाईट वाटलं वाचून. साडेतेरा म्हणजे चांगलं आयुष्य जगला तो. जॅकरांडा चार फुटाच्या पट्टीत अजिबात नको, तो तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या वर जाईल आणि ड्रेनेजची लाईन तर विसराच. रुमाल टाकून ठेवतो, आमची म्हातारी पण चौदाची झालीय.

आंबोळी | १३ मे, सकाळी ७:१५

पारिजातकाला माझं मत. आमच्या राणीसाठी आम्ही तोच लावलाय, सहा वर्षं झाली. ऑगस्ट संपत आला की रोज पहाटे खाली सडा पडलेला असतो, ती जिथे बसायची तिथेच नेमका, मग चहा घेऊन मी तिथेच उभी राहते. पण खरं सांगायचं तर त्याच्या भानगडी पण ऐका. पान खरखरीत, वर्षातले बरेच महिने झाड दिसायला काहीच खास नाही, पावसाळ्यात केसाळ सुरवंट होतात आणि एकदा झाले की खाली कुणी गाडी लावायला तयार नसतं. ऊन भरपूर लागतं, अकरापर्यंतच्या उन्हात जगेल पण फुलं मोजून घ्याल. पट्टीत लावलात तर दरवर्षी फुलं संपली की, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, निर्दयपणे छाटायचं, नाहीतर बारा-पंधरा फूट सहज जातं. कुंडीत लावायचं तर निदान अठरा इंची, त्याच्या खाली बोलूच नका.

मीठमिरची | १३ मे, दुपारी १:०५

अनंत आणि अस्थी हे दोन शब्द एकत्र वाचले आणि लॉगिन केलं. मी हा गाढवपणा केलाय त्यामुळे सविस्तर लिहिते.

आमचा लॅब्रॅडॉर होता, चांगला तीस किलोचा. त्याच्या अस्थी साधारण किलोभर आल्या. मला काय वाटलं की हाडांचा चुरा म्हणजे बोनमीलच की, झाडाला चांगलंच. बारा इंची कुंडीत नवा आणलेला अनंत, खाली सगळ्या अस्थी, वर माती. पहिले पंधरा दिवस झकास. मग पानांच्या कडा करपायला लागल्या, मग पानं पिवळी पण शिरा हिरव्या, मी आपली अजून पाणी अजून खत. दीड महिन्यात मेला. दोनदा रडले मी, एकदा कुत्र्यासाठी आणि एकदा त्या झाडासाठी. कुंडी उलटी केली तर तळाशी राखाडी रंगाची वडी झालेली, जाड, सिमेंटसारखी, पाणी खाली जातच नव्हतं आणि मुळं वडीपाशी येऊन काळी पडलेली.

नंतर कळलं की राख प्रचंड अल्कली असते, त्यात क्षार असतात, आणि अनंताला नेमकी आंबट माती लागते. म्हणजे मी शत्रूलाच उशाशी निजवलं होतं. बोनमील वेगळं, ते जाळलेलं नसतं. तर अस्थी घालायच्याच तर दोन-तीन चमचे, त्या पण भरपूर माती आणि शेणखतात कालवून, तळाशी थर करून नाही. आणि अनंत तर नकोच, पुण्याच्या बोअरच्या पाण्यावर तो तसाही कुढत असतो.

गच्चीवरची | १३ मे, दुपारी १:३०

बापरे. बरं झालं विचारलं, मी डबा उघडायच्या बेतातच होते. आमच्या पण अर्धा-पाऊण किलो असतील. बाकीच्याचं काय करायचं मग?

मीठमिरची | १३ मे, दुपारी १:३४

ते सासूबाईंना विचारा 😀 नदीचा मुद्दा त्यांचा आहे ना.

डॉक_प्राणी | १३ मे, रात्री ९:२०

मी प्राण्यांचा डॉक्टर आहे, झाडांचा नाही, तरी चार गोष्टी सांगतो कारण हे प्रश्न क्लिनिकमध्ये रोज येतात.

ज्यांच्याकडे जागा आहे आणि जे पुरतात त्यांनी खड्डा तीन-चार फूट खोल घ्या, सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक किंवा रेक्झिनची पिशवी नको, वर मोठे दगड ठेवा नाहीतर भटकी कुत्री एका रात्रीत उकरतात. विहीर आणि बोअरपासून लांब. झाड बरोब्बर वर लावायची हौस सगळ्यांना असते पण ते चुकीचं आहे, खाली कुजण्याची प्रक्रिया चालू असते, मुळांना हवा मिळत नाही, त्यामुळे दोन-तीन फूट बाजूला लावा, मुळं आपापली पोचतात. लोक खड्ड्यात पोतंभर मीठ टाकतात, ते टाकलंत तर झाडाचं नाव विसरा. इंजेक्शन देऊन झोपवलेला प्राणी असेल तर ते औषध शरीरात टिकून राहतं, उकरून खाणारा दुसरा प्राणीही दगावू शकतो, म्हणून खोली महत्त्वाची. रेबीजचा संशय असेल तर हात लावू नका, पालिकेला कळवा. पार्वोने गेलेल्या पिल्लाची जागा वर्षभर तरी नव्या पिल्लासाठी धोक्याची, तो विषाणू मातीत चिवटपणे राहतो.

आणि झाड निवडताना: कण्हेर, पिवळी कण्हेर, सायकस ही तिन्ही कुत्र्याच्या जिवावर बेतणारी झाडं आहेत, सायकसच्या बिया खाऊन लिव्हर गेलेली कुत्री मी स्वतः बघितली आहेत. आठवण एका कुत्र्याची आणि बळी पुढच्याचा असं नको व्हायला.

शिवार_१९ | १४ मे, सकाळी ६:००

आमच्याकडं याला स्मारक बिमारक कुणी म्हणत नाही. बैल गेला की बांधालाच पुरायचा, पोराबाळांसारखा, आई हळदकुंकू लावते, आणि पुढल्या पावसात तिथं आंबा लागतो. आमच्या शिवारात एक आंबा हाय त्याला अजून सर्जाचाच आंबा म्हणत्यात, सर्ज्या कसा होता ते बघितलेला आता एकटा आजा राहिलाय. डॉक्टर म्हणतायत ते खरं, आमी बी बाजूलाच लावतो, वर लावलं की जळतंय, हे अनुभवानं कळलेलं हाय. शहरात आंबा जमणार नाही तुम्हाला पण सांगितलं आपलं.

जुनाजाणता | १४ मे, सकाळी १०:१०

शिवार, सुरेख. आपल्याकडे हे नवीन नाहीच. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा सांगतात. माणसांच्या समाधीवरही आपण तुळशीवृंदावन बांधतोच की. तुळस का नाही सुचवली कुणी?

घाटावरचा | १४ मे, सकाळी १०:२२

खंड्याचा विषय निघाला म्हणून, रायगडावरच्या वाघ्याच्या बाबतीत मात्र

व्यवस्थापक | १४ मे, सकाळी १०:४०

वाघ्यावर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. इथे झाडांवर बोला. वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे.

आंबोळी | १४ मे, सकाळी ११:०२

तुळशीला बंड्याने काय केलं असतं ते सांगायला नको ना 😂

गच्चीवरची | १४ मे, सकाळी ११:१५

हो आणि सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं असतं. त्याच कारणाने आमची तुळस गेली तेरा वर्षं खिडकीच्या ग्रिलमध्ये उंचावर आहे.

मांजरवेडी | १४ मे, दुपारी ३:३०

मांजरवाल्यांना कुणी विचारतच नाही. माझी गोष्ट वेगळी आहे. आमची सोनी गेली तेव्हा मी बाल्कनीत तिच्या नावाने मोगरा लावला, छान दुहेरी, बट मोगरा. सोनीला मोगऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं खरं तर. पावसाळ्यात त्याच कुंडीत खोकली उगवली, ते तण असतं ना, चिंचोळ्या कणसासारखे तुरे येतात आणि तुऱ्याखाली हिरव्या वाट्या, काहीजण कुप्पी म्हणतात. मी उपटली आणि मुळासकट कठड्यावर टाकली. दहा मिनिटांत शेजारची दोन मांजरं हजर, त्या मुळांना गाल घासतायत, लोळतायत, लाळ गाळतायत, एकमेकांना पंजे मारतायत. मांजरांना त्या मुळाच्या वासाने नशा चढते म्हणे, परदेशात ते कॅटनिप वापरतात तसं. सोनी पण लहानपणी खालच्या अंगणात कुठेतरी जाऊन अशीच झिंगून यायची आणि आम्हाला कळायचं नाही कुठून. तेव्हापासून मोगऱ्याच्या कुंडीतली खोकली मी उपटत नाही. येणारे-जाणारे म्हणतात गवत काढ गं, मी म्हणते तेच तर झाड आहे, मोगरा बाजूला उगवलाय.

नागपुरी_ऊन | १४ मे, सायंकाळी ६:४५

मस्त लिहिलंय मांजरवेडी. आमच्याकडे सध्या पंचेचाळीस चालू आहे त्यामुळे नाजूक गोष्टींचं नावच नको. सावनी बघा एकदा, इंग्रजीत क्रेप मर्टल म्हणतात, आपल्या तामणीची बुटकी बहीण. तामण म्हणजे आपलं राज्याचं फूल पण ते मोठं झाड, सावनी आठ-दहा फुटांत आटोपते, जानेवारी-फेब्रुवारीत खरडून छाटली तरी रागावत नाही, उन्हाळा-पावसाळा गुलाबी झालर लटकलेली असते. फक्त पूर्ण ऊन पाहिजे, बाल्कनीत जमणार नाही. खालच्या पट्टीत एकदम फिट.

जर्सीकर | १५ मे, सकाळी ८:२०

इथे न्यू जर्सीत आम्ही सात वर्षांपूर्वी हेच केलं म्हणून लिहितोय. आमची जिलबी, बीगल. ती जानेवारीत गेली, जमीन गोठलेली, कुदळ आपटली तर ठणकन आवाज, त्यामुळे अस्थी ठेवल्या आणि एप्रिलमध्ये लावलं. मुलाचा हट्ट की डॉगवुडच लावायचं, का तर नावात डॉग आहे, यावर कुणाचं काय चालणार. आम्ही कौसा जातीचा घेतला, इथला मूळचा असतो त्याला पानांचा एक रोग फार धरतो, कौसा त्या मानाने तगडा. जूनमध्ये चार टोकांची पांढरी फुलं, खरं म्हणजे ती फुलं नसतातच, पानंच असतात पांढरी झालेली, आणि शरदात स्ट्रॉबेरीसारखी लाल फळं. त्रास एकच, हरणं. कोवळ्या खोडाला शिंगं घासून साल सोलतात, त्यामुळे पहिली चार वर्षं आमची आठवण तारेच्या पिंजऱ्यात उभी होती. आई भारतातून आली तेव्हा म्हणाली, जिलबीला कधी पट्ट्याने बांधलं नाहीत आणि झाडाला पिंजरा.

हायड्रेंजा खूप जण सुचवतात, दिसतोही छान, पण कुत्र्यांना बाधतो, डॉक्टरांचा मुद्दा इथेही लागू.

पिंपळपान | १५ मे, रात्री १०:००

मी जरा कडू बोलणार आहे, माफ करा. सोसायटीच्या जागेत लावू नका.

आम्ही कोथरूडला अठरा वर्षं होतो. आमच्या टॉमीसाठी मागच्या अंगणात बकुळ लावली होती, बकुळ म्हणजे मुंगीच्या पावलाने वाढणारं झाड, दहा वर्षांत कुठे ती नीट फुलायला लागली होती. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, बिल्डरने रीतसर अर्ज केला, झाडावर नोटीस चिकटली, आम्ही हरकत घेतली, सुनावणीत विचारलं झाडाचं वय काय, घेर काय, आणि मी वेड्यासारखा सांगतोय की साहेब हे टॉमीचं आहे. त्या रकान्यात ते बसत नाही. झाड दुसरीकडे हलवायचं ठरलं, हलवलं पण, क्रेनने, मुळांचा गोळा करून, आणि ते तिथे एका उन्हाळ्यात वाळलं. कुणाचा दोष म्हणू? पन्नास वर्षांच्या बिल्डिंगा पडतायत तिथे आपल्या झाडाला कोण विचारतो. तुमची सोसायटी किती जुनी आहे?

गच्चीवरची | १५ मे, रात्री १०:१८

१९८९ ची. आणि हो, मागच्या एजीएममध्ये विषय निघालाय.

पिंपळपान | १५ मे, रात्री १०:२१

मग झालं. कुंडीच. किंवा ज्याची फांदी काढून दुसरीकडे लावता येते असं काहीतरी. बकुळीच्या फांद्या मी वीस लावल्या होत्या, एकही लागली नाही.

टेकडी_भटक्या | १६ मे, सकाळी ६:५०

फांदीवरून लागणारं म्हणजे देवचाफा. दीड फुटाची फांदी कापायची, चीक सुकेपर्यंत सावलीत आठ-दहा दिवस नुसती ठेवायची, रेताड मातीत खोचायची आणि विसरून जायचं. जास्त पाणी घातलं तरच मरतो. कुंडीत वर्षानुवर्षं राहतो. हिवाळ्यात पानं गळून नुसता सांगाडा उरतो, ते काहींना अशुभ वाटतं, मला तर तेव्हाच जास्त आवडतो.

आंबोळी | १६ मे, सकाळी ९:३०

चाफ्याला +१. पानांमागे नारिंगी पावडर धरते तो तांबेरा, ती पानं काढून टाकायची, बाकी त्रास नाही. कुंडीबद्दल एक, अठरा इंची कुंडी माती ओली झाली की ऐंशी-शंभर किलोला जाते, ग्रिलवर टांगायची हौस करू नका, जमिनीवर, भिंतीला लागून ठेवा.

गच्चीवरची | १८ मे, रात्री १२:०५

काल घरी हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. जर्सीकरांच्या पिंजऱ्याला सासूबाई पण हसल्या. लेक चाफ्यावर आली, मी चाफ्यावर आलेच होते. बाबा, म्हणजे सासरे, काहीच बोलत नव्हते. बंड्याला रोज सकाळ-संध्याकाळ खाली तेच न्यायचे, साडेतेरा वर्षं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते सव्वा महिने सोडून. सगळ्यांचं झाल्यावर म्हणाले, "त्याचं झाड खाली आहे की."

मला कळेना. मग ते मला खाली घेऊन गेले रात्री साडेदहाला, मोबाईलचा टॉर्च लावून. पार्किंगच्या कोपऱ्यात गेटजवळ एक तगर आहे, जुनी, माझ्या लग्नाच्या आधीची, मी रोज तिच्या शेजारून स्कूटर काढते आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं. बंड्या घरातून सुटला की पहिला थेंब तिथे, आणि परत वर येताना शेवटचा पण तिथेच. रोज, न चुकता. गेटकडच्या बाजूला साधारण गुडघ्याच्या उंचीपर्यंत तिला पानंच नाहीयेत, फांद्या नुसत्या काळपट कोरड्या, आणि त्याच्या वर एकदम भरगच्च हिरवं आणि फुलं. बाबांनी टॉर्च त्या रिकाम्या भागावर धरला आणि म्हणाले ही बघ त्याची सही.

मी काय लिहू आता. मी "काहीतरी खास" शोधत होते.

मीठमिरची | १८ मे, रात्री १२:११

ऑफिसला उठायचंय सकाळी आणि मी इथे नाक पुसत बसलेय. बाबांना नमस्कार सांगा.

घाटावरचा | १८ मे, सकाळी ७:४०

तगर?? मंदिराच्या कुंपणाला आणि महापालिकेच्या डिव्हायडरमध्ये लावतात ती? स्मारकाला जरा बरं काहीतरी बघा राव.

मांजरवेडी | १८ मे, सकाळी ७:५२

घाटावरचे, तुम्ही वाचलंत तरी का?

डॉक_प्राणी | १८ मे, सकाळी ८:३०

लघवीतलं नायट्रोजन आणि क्षार एकाच जागी रोज पडले की असंच करपतं. तेरा वर्षं तग धरली म्हणजे चिवट आहे बाई. तगर कण्हेरीच्या कुळातलीच, चीक पोटात गेला तर उलट्या होऊ शकतात, सहसा कुत्री खात नाहीत पण पुढे कधी पिल्लू आणलंत तर लक्ष ठेवा. आणि ज्यांची कुत्री अजून हे उद्योग करतात त्यांनी मागून मगभर पाणी ओतत जा, झाड वाचतं.

पिंपळपान | १८ मे, सकाळी ९:००

रिडेव्हलपमेंटच्या आधी फांद्या काढून घ्या. आजच.

आंबोळी | १८ मे, सकाळी ९:४५

आज नको, ऊन मरणाचं आहे. पाऊस लागू दे, जूनच्या अखेरीस घ्या, तगर फांदीवरून अगदी हमखास लागते. पेन्सिलच्या जाडीची, फार कोवळी नाही फार जून नाही, सहा-आठ इंच. पेराच्या जरा खाली तिरका काप, खालची पानं काढून टाकायची, वरची दोन ठेवायची ती पण अर्धी कापून. चीक येईल तो पाण्यात धुऊन टाका, डोळ्याला हात लावू नका. वाळू आणि कोकोपीट निम्मंनिम्मं, सावलीत, वर पाण्याची बाटली अर्धी कापून उपडी घाला. महिना-दीड महिना. रोज उपटून मुळं आली का बघायची नाहीत, हे मी लोकांच्या स्वभावाला अनुसरून सांगतेय. दहा लावा म्हणजे सहा येतील. आणि हो, अस्थी या टप्प्यात अजिबात नाही, मोठ्या कुंडीत जाईल तेव्हाच.

नागपुरी_ऊन | १८ मे, सकाळी १०:३०

एकेरी आहे का दुहेरी? एकेरीचं फूल भिंगरीसारखं पाच पाकळ्यांचं, दुहेरीचं गुच्छासारखं.

गच्चीवरची | १८ मे, सकाळी १०:४४

एकेरी. भिंगरीच. बाबा म्हणतात वारा आला की बंड्या त्या गळलेल्या भिंगऱ्यांवर भुंकायचा, हे पण मला आत्ता कळतंय.

गच्चीवरची | २ जुलै, रात्री ९:००

अपडेट. रविवारी बारा फांद्या लावल्या, बाबांनी कापल्या, लेकीने बाटल्या उपड्या घातल्या. फांद्या कुठून घ्यायच्या यावर वाद झाला, मी म्हणत होते वरच्या भरगच्च भागातून, बाबांचं म्हणणं सहीच्या बरोब्बर वरची घ्यायची. तिथलीच घेतली. चाफ्याचा विचार पण सोडलेला नाहीये टेकडी_भटक्या, पण आधी हे.

गच्चीवरची | २१ ऑगस्ट, दुपारी २:१५

बारातल्या सात लागल्या!! दोन मी उपटून बघितल्या म्हणून गेल्या, आंबोळी तू माणसं ओळखतेस. तीन आपोआप काळ्या पडल्या.

सगळ्यात तरतरीत रोप आधी आठ इंचीत गेलं, दिवाळीनंतर मोठ्या कुंडीत हलवेन. सासूबाई आणि मी नदीवर जाऊन आलो, त्यांनी घाटावर निम्म्या सोडल्या, काठाशी बसलेलं एक भटकं कुत्रं त्यांनी बरोबर आणलेल्या बिस्किटांचा अख्खा पुडा खाऊन गेलं, त्याने त्या एकदम खूष. तीन चमचे कुंडीसाठी बाजूला काढलेत. उरलेल्या फ्रीजवर आहेत. तो डबा आता तिथे नसला तर मलाच चुकल्यासारखं होईल.

मीठमिरची | २१ ऑगस्ट, दुपारी २:४०

तीन चमचे म्हणजे चहाचे, वरण वाढायचे नाहीत.

टेकडी_भटक्या | १४ मार्च, रात्री ८:१०

धागा वर काढतोय. आमची म्हातारी परवा गेली. झोपेतच, त्रास नाही झाला. ती टेकडीवर वाघाटीच्या जाळीत घुसून बसायची, तासन् तास, आम्ही हाका मारून दमायचो. ती वेल काटेरी, मुंबईत कुठे लावू आणि कशी लावू समजत नाहीये, आषाढी द्वादशीला भाजीसाठी फळं विकायला येतात तेव्हा बिया मिळतील बहुतेक. कुणी लावलीय का?

शिवार_१९ | १५ मार्च, सकाळी ५:५५

वाघाटी बांधाला हाय आमच्या. पिकलेलं फळ ठेवतो, बी ताजंच टाकायचं, वाळवून ठेवू नका. पाऊस लागला की पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात द्या.

गच्चीवरची | १५ मार्च, सकाळी ९:२०

टेकडी_भटक्या, फार वाईट वाटलं. काही बोलत नाही.

इकडचं सांगते. मोठ्या कुंडीतली तगर दोन फूट झालीय, फेब्रुवारीत पहिली भिंगरी आली. रिडेव्हलपमेंटची फाईल कुठेतरी अडकलीय त्यामुळे खालची मूळ तगर अजून उभी आहे आणि तिच्या सहीवर जानेवारीत खालून पालवी फुटायला लागली होती. मला उगाच वाईट वाटलं ते बघून. पण गेटवर एक काळं कुत्रं आलंय नवीन, ते रोज सकाळी तिथेच तंगडी वर करतं, त्याच बाजूला. बाबा मगभर पाणी घेऊन मागे उभे असतात. दोघांची वेळ ठरलेली आहे, पावणेसात.

मीठमिरची | १५ मार्च, सकाळी ९:३१

सात लागल्या होत्या ना? एक मला ठेव. शनिवारी सिंहगड रोडला येतेय.

गच्चीवरची | १५ मार्च, सकाळी ९:४०

ठेवते, आठ इंची कुंडीत आहे. गेटवर बाबांकडून घे, पण पावणेसात ते सातमध्ये येऊ नकोस, तेव्हा ते बिझी असतात.